माझ्या यकृतातली लिफ्ट

मित्रांनो, मी एका गॅरेजचा जुना कुत्रा आहे. जुना म्हणजे किती, ते माझ्या दातांवरून कळलं असतं; पण मी दात दाखवले की माणसं भलताच अर्थ काढतात, म्हणून हल्ली ते झाकूनच ठेवतो. माझं नाव स्टेपनी. गाडीत एक जास्तीचं चाक असतं ना, पंक्चर झालं की लावायला, ते. गॅरेजला आधीपासून एक राखणदार कुत्री होती, ती म्हातारी झाली होती, तेव्हा ‘वेळेला असावा’ म्हणून मला ठेवलं. लोक नाव ऐकून हसतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. भर रस्त्यात चाक बसलं की माणूस आधी स्टेपनीच शोधतो, हे मी रोज पाहतो.

माझा जन्म एका भंगारात निघालेल्या गाडीच्या मागच्या सीटवर झाला. आई कुठली ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा नाकात ग्रीसचा वास भरलेला होता आणि एक काळाकुट्ट अंगठा मला दूध चाटवत होता. तो अंगठा उस्तादांचा. उस्ताद म्हणजे आमच्या गॅरेजचे मालक, मुख्य मिस्त्री आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा माणूस. त्यांची थोरली बहीण, ताई, काउंटरवर बसते. बिलं करते, सुटे भाग मागवते आणि भावाला ताळ्यावर ठेवते. तिसरं काम सगळ्यात अवघड आहे.

आमच्या गॅरेजची शान म्हणजे गाडी उचलायची लिफ्ट. दोन जाडजूड खांब, त्यांना चार सरकते हात. ती एकच आहे, आणि सगळं मोठं काम तिच्यावरच होतं. गाडी दोन खांबांच्या मधे आली की उस्ताद खाली वाकून ते हात पुढेमागे सरकवतात आणि गाडीच्या पोटाखाली ठरलेल्या जागीच टेकवतात. लहान गाडीला हात आखडायचे, लांब गाडीला पसरायचे. ट्रक आला तर ‘साहेब, पुढच्या गॅरेजला बघा’, कारण तो त्या दोन खांबांत शिरणारच नाही. गाडी वर जाते, काम होतं, गाडी खाली येते, निघून जाते. लिफ्ट जशीच्या तशी, पुढच्या गाडीला तयार. मी तिच्याशेजारी पडून तासन् तास हे बघत आलो आहे. तेव्हा मला कुठं माहीत होतं की अशीच एक लिफ्ट माझ्या पोटातही आहे, आणि एक दिवस तीच माझा जीव घ्यायला निघणार आहे!

पण ते पुढे. आधी माझ्या उमेदीच्या दिवसांबद्दल दोन शब्द बोलू द्या, म्हाताऱ्यांचा तो हक्क असतो. मी गाडी गल्लीच्या टोकाला असतानाच इंजिनाच्या आवाजावरून गिऱ्हाईक ओळखायचो. पैसे बुडवणारा आला की भुंकायचो, असं ताई सांगायची. खरं तर त्याच्या सायलेन्सरचा आवाज मला सहन व्हायचा नाही, पण कौतुक होत असताना खुलासे कशाला करायचे? एकदा मागच्या भिंतीवरून दोघं जण बॅटऱ्या चोरायला उतरले. त्यातल्या एकाची चप्पल अजून आमच्याकडे आहे. त्या दिवशी उस्तादांनी मला सगळ्यांसमोर उचलून घेतलं आणि म्हणाले, “हा माझा पार्टनर!” मला दोन उकडलेली अंडी मिळाली. पार्टनरचा हिस्सा तेवढाच असतो, असं मी समजून घेतलं.

मग गॅरेजात कॅमेरे आले. चार कोपऱ्यांत चार, रात्रंदिवस जागे. त्यांना अंडी लागत नाहीत. हळूहळू माझ्याकडे बघायचं राहून जायला लागलं. कुणी मुद्दाम केलं नाही, मित्रांनो. दुर्लक्ष मुद्दाम होत नाही, ते आपोआप होतं. आज वाटी द्यायची विसरली, उद्या पाणी भरायचं राहिलं. मी नळाखालच्या बादलीत तोंड घालून भागवायला शिकलो. माझा पाण्याचा डबा कोरडा ठणठणीत पडून राहायला लागला.

तो डबा कसला होता, हे सांगायला हवं. गॅरेजात काही वाया जात नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा रिकामा झाला की उस्ताद तो मधोमध आडवा कापतात, झालं पसरट भांडं. एकात नटबोल्ट, एकात पार्ट धुवायचं पेट्रोल, एकात जुनं तेल, आणि एकात माझं पाणी. सगळे डबे एका आईची लेकरं. माझा कुठला, हे कळायला त्यात पाणी असणं एवढीच एक खूण होती. आणि पाणी तर नव्हतं.

त्या दिवशी दुपारी एक तापलेली गाडी आली. रेडिएटरमधलं जुनं कूलंट काढायचं होतं. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात घालतात ते औषध. उस्तादांनी खालचा नळ सोडला, हात मागे नेला, जवळचा रिकामा डबा ओढला आणि धारेखाली धरला. डबा माझा होता. भरल्यावर त्यांनी तो सवयीनं बाजूला सरकवला, नेमका माझ्या जागेवर. तेवढ्यात ताईनं हाक मारली, कुणाचा तरी फोन आला होता. ते गेले.

मला तहान लागली होती. डबा भरलेला दिसला आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, चला, आठवण झाली यांना आपली. कूलंट हिरवं असतं म्हणे. आम्हा कुत्र्यांना हिरवं आणि तांबडं फारसं वेगळं दिसत नाही. पण चव कळते, आणि ते गोड होतं. इतकं गोड पाणी मी जन्मात प्यायलो नव्हतो. मी मनापासून प्यायलो.

थोड्या वेळानं जमीन हलायला लागली. माझे पाय चार असूनही पुरेनात. मी सरळ चाललो तरी वाकडाच जात होतो. एका टायरला धडकलो, त्याची माफी मागितल्यासारखं थांबलो आणि तिथंच बसलो. गॅरेजात हशा पिकला.

“काय रे स्टेपनी, कुठं पार्टी झोडून आलास?” उस्ताद म्हणाले. “आम्हाला नाही बोलावलंस!”

मग मी ओकलो. मग बादलीभर पाणी प्यायलो. मग परत ओकलो. “उन्हानं झालं असेल, पडू दे सावलीत,” असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे कामाला लागले. काही वेळानं मला खरंच जरा बरं वाटायला लागलं. डोकं फिरायचं कमी झालं. उस्ताद येता जाता बघून म्हणाले, “उतरली बघ याची.”

ताई मात्र बिलबुक मिटून उठली. तिला माझं ओकणं पटलं नव्हतं. ती माझ्या जागेशी आली, खाली वाकली, आणि डबा उचलून तिनं तो नाकाशी नेला.

“हे काय आहे? याच्या डब्यात?”

उस्ताद लिफ्टवरच्या गाडीखालून वाकून बाहेर आले. त्यांनी डब्याकडे पाहिलं. डबा भरून ठेवला होता, आता अर्धा होता. मी उस्तादांना चिडलेलं पाहिलंय, हसताना पाहिलंय, हातोडा बोटावर पडल्यावर नाचतानाही पाहिलंय. असा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्यांनी हातही पुसले नाहीत. मला उचललं, पिकअपच्या पुढच्या सीटवर घातलं, आणि लिफ्टवर चढवलेली गाडी तशीच हवेत सोडून निघाले. त्यांनी काम अर्धवट टाकल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक आणि वजनकाटा, आतल्या खोलीत स्टीलचं टेबल. ते टेबल इतकं गार असतं की कुठलाही आजार अर्धा तिथंच पळतो. बाई उंच, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज हळू. त्यांनी मला टेबलावर घेतलं आणि आधी माझ्याशी बोलल्या, मग माणसांशी. तेव्हाच मला त्या आवडल्या.

“काय प्यायला, किती वाजता, साधारण किती?” त्यांनी विचारलं.

उस्तादांना सांगता आलं असतं की माहीत नाही बुवा, रस्त्यावर कुठं काय प्यायला कुणास ठाऊक. दुसऱ्या कुणी तसंच सांगितलं असतं. उस्ताद म्हणाले, “कूलंट. दुपारी. अर्धा डबा गेलाय. त्याच्याच पाण्याच्या डब्यात मी काढून ठेवलं होतं, माझ्या हातानं.”

बाईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि एक जांभळा दिवा माझ्या तोंडाशी धरला. ताईच्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं. माझ्या मिशा चमकत होत्या म्हणे, काजव्यांसारख्या. कुठं गळतंय ते दिसावं म्हणून काही कूलंटमध्ये तसा रंग घालतात. उस्ताद तो दिवा रेडिएटरवर धरतात. माझ्या मिशांवर धरलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

“पण आता बराय ना तो? मघाशी झिंगल्यासारखा होता, आता उतरलंय,” उस्ताद म्हणाले.

“तेच मला आवडत नाहीये,” बाई म्हणाल्या. “ती झिंग काही मोठी गोष्ट नव्हती. खरं काम आता आत चालू झालंय.”

आता मित्रांनो, बाईंनी जे समजावलं ते मला त्या वेळी कितपत कळलं असेल, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण उस्तादांनी ती हकिगत नंतर इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवली आहे की आता मला ती तोंडपाठ झाली आहे. त्यात त्यांनी पदरचं काही घातलेलं नाही, हे ताईची साक्ष काढून सांगतो.

बाईंनी विचारलं होतं, “उस्ताद, तुमच्याकडे गाडी उचलायची लिफ्ट आहे ना?”

“आहे की. एकच आहे.”

“मग तुम्हाला लगेच कळेल. याच्या यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, अशाच पुष्कळ बारीक लिफ्ट आहेत. त्यांना विकरं म्हणतात. एन्झाइम हा शब्द ऐकला असेल. प्रत्येक विकराला एक खोबण असते. त्या खोबणीत ठराविक आकाराचाच पदार्थ बसतो. तो आत आला की खोबण त्याच्याभोवती जराशी आवळते, नीट धरते.”

“हात सरकवून टेकवल्यासारखी,” उस्ताद म्हणाले.

“अगदी. मग काम होतं, पदार्थ बदलून बाहेर पडतो, आणि विकर पुन्हा मोकळं. तुमची लिफ्ट झिजते तरी, ते कामानं झिजत नाही. एका क्षणात कितीतरी गाड्या काढतं.”

मला सांगू द्या, हे ऐकताना उस्तादांच्या चेहऱ्यावर काय होतं ते ताईनं पाहिलं आहे. इतक्या काळजीतही त्यांच्या डोळ्यांत आदर आला होता. चांगल्या यंत्राची गोष्ट निघाली की त्यांना राहवत नाही.

“मग एवढं चांगलं मशीन याला मारायला का निघालंय?” त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या की ते कुणाला मारायला निघालेलं नाही, ते आपलं काम करतंय. कूलंटमधला गोड पदार्थ, इथिलीन ग्लायकॉल त्याचं नाव, त्या खोबणीत बरोब्बर बसतो. विकर त्याला धरतं आणि बदलून पुढे पाठवतं. पुढे आणखी दोन-चार विकरांचे हात लागतात आणि शेवटी त्यातून एक जहाल आम्ल तयार होतं. त्याचे खडे बनतात, काचेच्या चुऱ्यासारखे, आणि ते किडनीत जाऊन रुततात. प्यायलेलं मुळात तेवढं घातक नसतं. घातक ते, जे त्याचं बनतं. “पण या सगळ्याची सुरुवात त्या एका लिफ्टवर होते. तिथं अडलं की पुढचं सगळं अडलं.”

“मग अडवा ना! तोडून टाका ती लिफ्ट!”

“तशी विषं असतात,” बाई म्हणाल्या. “काही खोबणीत कायमची चिकटून बसतात, वेल्डिंग केल्यासारखी. काही खोबणीला हातही लावत नाहीत, विकराच्या दुसऱ्याच भागाला धरतात आणि त्याचा आकारच बिघडवतात, मग खोबण रिकामी असून कामाची राहत नाही. पण आपल्याला ती लिफ्ट परवा परत हवीय. आपल्याला फक्त जागा अडवायचीय. तुमच्या लिफ्टवर एक गाडी चढलेली असली तर दुसरी काय करते?”

“बाहेर थांबते. कंटाळून निघून जाते.”

“हे गोड पाणीही तसंच निघून जाईल, लघवीतून, न बदलता. विकराची जागा अडवणाऱ्याला निरोधक म्हणतात. यासाठी एक खास औषध असतं, ते खोबणीत येऊन नुसतं बसून राहतं. माझ्याकडे ते नाहीये, आणि मागवून येईपर्यंत थांबता येणार नाही. पण आणखी एक जण आहे, ज्याला ही खोबण ग्लायकॉलपेक्षा जास्त ओढून घेते. दोघं दारात उभे राहिले तर आधी त्याला आत घेते. त्याचंही काम होतं, पण त्यातून जे निघतं ते हा पचवू शकतो.”

“कोण तो?”

“अल्कोहोल.”

उस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग म्हणाले, “डॉक्टर, हा आधीच झिंगून आलाय, आणि तुम्ही त्याला दारू पाजणार? हे म्हणजे आगीत तेल ओतणं झालं!”

“पाजणार नाही. औषधी शुद्ध अल्कोहोल, सलाइनमध्ये मोजून, वजनाप्रमाणे, शिरेतून. जरा जास्त गेलं तर श्वास बंद पडेल आणि जरा कमी पडलं तर लिफ्ट मोकळी होईल. हे घरी कुणी करायला जायचं नाही, एवढं सगळ्यांना सांगा.”

त्या विकराचं नाव अल्कोहोल डीहायड्रोजनेज. नावातच अल्कोहोल आहे, म्हणजे ते त्याच्या घरचंच गिऱ्हाईक. ग्लायकॉल आगंतुक, पण अंगानं तसंच, म्हणून आत शिरलं. मला हे ऐकून फार नवल वाटतं. एवढासा तो कारागीर, डोळ्यांना न दिसणारा, अंधारात बसून हातानं चाचपून गाडी ओळखतो आणि कधी चुकत नाही. फसला तो एवढ्यासाठीच, की गाडीचा आकार बरोबर होता. आत कोण बसलंय ते बघायला त्याला डोळे नाहीत.

माझ्या पुढच्या पायात सुई गेली, नळी लागली आणि थेंब पडू लागले. मग मित्रांनो, मी खरोखर झिंगलो. दुपारची झिंग तिच्यापुढे काहीच नव्हती. अंग गार पडू नये म्हणून बाईंनी माझ्याभोवती गरम पाण्याच्या बाटल्या रचल्या. मला वाटत होतं मी तरंगतोय. मी म्हणे झोपेत भुंकत होतो, तेही सुरात.

बाईंनी सांगून ठेवलं होतं की थेंब एका लयीत पडत राहिले पाहिजेत. गोड पाणी अजून रक्तात फिरतंय. खोबणीपुढे दोघांचीही गर्दी आहे, आणि ज्याची गर्दी जास्त त्याला जागा मिळते. अल्कोहोल कमी पडलं की बाहेर थांबलेला लगेच आत शिरेल. म्हणून कुणीतरी नळीवर नजर ठेवून बसायचं. बाईंना दुसरी जनावरंही होती. उस्ताद म्हणाले, “मी बसतो.” ताई म्हणाली, “तू घरी जाऊन हात तरी धुऊन ये.” ते गेले नाहीत. तिथल्याच बेसिनवर त्यांनी हात धुतले, आणि बाईंचा साबण काळा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बाहेरच्या खोलीत एका मांजरीला टाके घालत होत्या. ताई चहा आणायला गेली होती. उस्तादांचा डोळा लागलेला. त्याच वेळी मी अंग वळवलं आणि नळी माझ्या कुशीखाली दुमडली गेली. थेंब थांबले. मला काही कळण्याची सोयच नव्हती. पण उस्ताद दचकून जागे झाले. हा माणूस आयुष्यभर इंजिनं ऐकत आलाय, चालू यंत्र थांबलं की त्याची झोप मोडते. थेंबाला आवाज नसतो, हे ताईनं त्यांना नंतर कितीदा सांगितलं, पण ते म्हणतात, मला ऐकू आलं.

“डॉक्टर! गाडी उतरली! लिफ्ट रिकामी आहे!”

बाहेर मांजरीच्या मालकिणीला वाटलं, दवाखान्यात अपघात झाला. बाई धावत आल्या, मला सरळ केलं, नळी मोकळी केली, सुई तपासली. थेंब पुन्हा पडू लागले. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि श्वास सोडला. “फार वेळ नव्हता गेला. बरं झालं लक्ष होतं.” त्यानंतर उस्तादांनी पाठ टेकली नाही. माझा पाय एका हातात धरून ते बसून राहिले, आणि माझ्याशी काहीबाही बोलत राहिले. काय बोलले ते मी सांगणार नाही. पार्टनरमधल्या गोष्टी असतात त्या.

थेंब आणखी एक रात्र चालले. बाई रक्त तपासत होत्या, पण खरी परीक्षा वेगळीच होती. किडनीत खडे साचले की लघवी बंद पडते, आणि ती बंद पडली की संपलं. सकाळी थेंब थांबवले. माझ्या पोटाखालून टॉवेल घालून उस्तादांनी मला झोळीसारखं उचललं आणि अंगणात नेलं. ताई मागे, बाई मागे, बाईंच्या हातात एक छोटी वाटी. मी उभा राहिलो. पाय लटपटत होते. तिघंही माझ्याकडे असं बघत होते की मला संकोचच वाटला. कुत्र्यालाही लाज असते हो.

शेवटी समोर बाईंच्या स्कूटरचं चाक दिसलं आणि मला राहवलं नाही.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्यासाठी टाळ्या वाजल्या. ताई डोळ्यांना पदर लावून हसत होती. बाईंनी वाटी पुढे केली आणि स्कूटर भिजली तर भिजू दे म्हणाल्या. उस्तादांनी मला धरून ठेवलं होतं. टाळ्या वाजवायलाही त्यांनी हात सोडला नाही.

वाटीतला थेंब बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली घातला. बराच वेळ पाहिलं. मग बाजूला होऊन म्हणाल्या, “बघायचंय?”

उस्तादांनी डोळा लावला. आत चमकणारे बारीक खडे होते, टोकदार, कुणी मुद्दाम घासून पैलू पाडल्यासारखे.

“थोडे आहेत,” बाई म्हणाल्या. “थोडेच आहेत. लिफ्ट वेळेवर अडवली म्हणून. किडनीला थोडा मार बसलाय, ती पहिल्यासारखी होणार नाही. पण हा जगेल.”

उस्ताद डोळा काढायला तयार नव्हते. “हे याच्या लिव्हरनं बनवलं?”

“हो. आणि अगदी प्रामाणिकपणे बनवलं. त्याला ठाऊक नव्हतं आपण काय करतोय.”

“मला ठाऊक होतं,” उस्ताद म्हणाले. “कूलंट काय असतं ते मला ठाऊक होतं.”

बाईंनी वाटी बाजूला ठेवली. मग त्यांनी उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. “लोक लाजेपोटी सांगत नाहीत, काय प्यायला ते. मग मी अंधारात चाचपडते आणि वेळ निघून जाते. तुम्ही दारातच सांगितलंत. अर्धं काम तिथंच झालं होतं.”

मित्रांनो, त्याला आता बराच काळ लोटला. मी जास्त धावत नाही, पाणी जास्त लागतं, आणि दर काही महिन्यांनी त्या गार टेबलावर जाऊन रक्त द्यावं लागतं. बाई दरवेळी आधी माझ्याशी बोलतात. कॅमेरे त्यांचं काम करतात, मी माझं करतो; म्हणजे लिफ्टशेजारी पडून राहतो आणि उस्ताद गिऱ्हाइकांना माझी गोष्ट सांगू लागले की योग्य जागी शेपटी हलवतो.

पडल्या पडल्या मला कधी कधी माझ्या आतला तो कारागीर आठवतो. माझ्या अंगात असे हजारो प्रकारचे आहेत म्हणे, प्रत्येकाची खोबण निराळी, प्रत्येकाचं गिऱ्हाईक निराळं. एक अन्नाचे तुकडे करतो, एक ते जोडून माझं अंग भरतो, एक माझ्या शेपटीला हलायला बळ देतो. कुणी कुणाला नावं ठेवत नाही, कुणी सुट्टी घेत नाही. मी त्यांना कधी शाबासकी दिलेली नाही, आणि त्यांनी ती मागितलेली नाही. त्या दिवशी ज्यानं मला मारायला घेतलं होतं, त्याचाही मला राग नाही. तो आजही तिथंच आहे, तितकाच चोख. समोर ठेवलं ते त्यानं उचललं, एवढंच.

म्हणून तुम्हाला हात जोडून, म्हणजे दोन्ही पंजे जोडून, सांगतो. ज्याला विचारता येत नाही, त्याच्यासमोर काय ठेवायचं ते आपणच बघायला हवं. विषारी वस्तू खाण्यापिण्याच्या भांड्यात कधी ओतू नका, अगदी क्षणभरही नाही. सांडलं तर लगेच पुसा, बाटलीवर नाव लिहा, झाकण घट्ट लावा. आणि कुणी भलतं काही प्यायलं, तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. धावत जा आणि खरं सांगा. शरीरातले कारागीर वाट बघत थांबत नाहीत.

आमच्या गॅरेजात आता माझं पाणी रोज उस्ताद स्वतः भरतात. कितीही घाईचं काम असो, समोर केवढंही मोठं गिऱ्हाईक उभं असो. माझं भांडं नळाखाली भरतात, त्यातला एक घोट आधी स्वतः घेतात, जिभेवर घोळवतात, आणि मगच ते पाणी माझ्यापुढे ठेवतात. नवीन गिऱ्हाईक हसतं. “काय उस्ताद, कुत्र्याचं पाणी तुम्ही चाखता?”

उस्ताद ओले हात पँटला पुसतात. ते माझ्याकडे बघत उभे राहतात, माझं पिऊन होईपर्यंत.